‘किंग लिअर’ प्रथमच वाचताना

शेक्सपिअरच्या शोकात्मिका वाचायला ‘किंग लिअर’पासून सुरुवात करायची, असे आपण ठरवले आहे. हा निर्णय धाडसी असला, तरी चुकीचा नाही. पहिल्या वाचनात टीकाग्रंथ बाजूला ठेवा. पहिला प्रवेश मात्र दोनदा वाचा. कारण लिअर राज्यकारभार सोडतो, पण राजाचा मान आणि शंभर सरदारांचा लवाजमा स्वतःकडे ठेवू पाहतो, आणि पुढची पडझड बव्हंशी याच विसंगतीतून सुरू होते.

नवे वाचक बहुधा दोन चुका करतात:

१. लिअरच्या थोरल्या दोन मुली, गॉनरिल आणि रीगन, यांना आरंभापासूनच राक्षसिणी ठरवतात. वास्तविक वडिलांच्या लहरीपणाविषयीची त्यांची पहिली तक्रार अगदीच खोटी नसते.

२. लिअरचे वेड केवळ करुण दृश्य समजतात. ही चूक अधिक महागात पडते. चौथ्या अंकात भ्रमिष्ट लिअर विचारतो, की न्यायाधीश आणि चोर यांची अदलाबदल केली, तर त्यांतला कोण कोणता हे ओळखता येईल काय? सिंहासनावर असताना हा प्रश्न त्याला सुचला नव्हता.

१६०८ आणि १६२३ साली छापलेल्या या नाटकाच्या दोन पाठांतील फरक सध्या विसराच. भाषा अडली, तर विंदा करंदीकरांचा मराठी अनुवाद हाताशी ठेवा. वादळाचा प्रवेश मात्र मुळातून, मोठ्याने वाचा.