जेरुसलेमला चाललोय, बायबलनुसार येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजरचं गाव बेथानी पाहण्यासारखं आहे का?

नक्की जा. आजचं नाव अल-अझारिया. जैतुनाच्या डोंगराच्या पूर्व उतारावरचं हे पॅलेस्टिनी गाव जेरुसलेमपासून जेमतेम तीन किलोमीटर, पण जुना रस्ता इस्रायलच्या भिंतीने अडवलाय, त्यामुळे बसला मोठा वळसा पडतो. पासपोर्ट जवळ ठेवाच.

लाजरची कबर रस्त्यालगतच्या छोट्या दारातून खाली आहे. पायऱ्या दगडी, उंचसखल, झिजून गुळगुळीत झालेल्या. शेवटी तर वाकूनच आत शिरावं लागतं. आईवडील सोबत असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना वरच थांबवा. शेजारी अल-उझैर मशीद आहे, कारण मुसलमानही लाजरला मानतात. मला तर हे शेजारपणच सगळ्यात भावतं! इटालियन वास्तुविशारद बार्लुझ्झीने बांधलेलं १९५० च्या दशकातलं चर्चही जवळच आहे. अंग झाकणारे कपडे घाला.