पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) तर अंडाशयाचा आजार ना, मग त्यात मेंदूचा काय संबंध?

संबंध हाय, आणि चांगलाच हाय. माझ्या चुलत बहिणीला लातूरला सोनोग्राफीत "गाठी" निघाल्या तवा काकू रडायलीच होती, पण त्या गाठी नसतात ओ, अर्धवट वाढून थांबलेल्या बीजाच्या बारक्या पिशव्या असतात.

आता मेंदूचं बघा. हायपोथॅलॅमस म्हणून बदामाएवढा भाग हाय, तो जीएनआरएच नावाचं हार्मोन ठोक्याठोक्यानं सोडतो, पाळी झाल्यावर साधारण 60 ते 90 मिनिटाला एक ठोका आणि बीज फुटल्यावर तोच 3-4 तासाला एक. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींचा ठोका मंद होतच नाही. मग या ठोक्यावर चालणारी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला हुकूम देणाऱ्या दोन हार्मोनपैकी एलएच जास्त सोडायली आणि एफएसएच त्या मानानं कमी पडायलं. एलएचनं अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतं (हनुवटीवर केस, पिंपल्स ते यानंच), एफएसएचविना बीज पिकत नाही, बीज फुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन बनत नाही, आणि ठोक्याला ब्रेक लावायचं काम तर त्याचंच, त्यात पुरुषी हार्मोन वाढलं की मेंदू तो ब्रेकही नीट ऐकत नाही. झालं, चक्र सुरूच.

सगळं मेंदूमुळंच असं नाही, इन्सुलिन (रक्तातली साखर सांभाळणारं हार्मोन) आणि घराणं पण असतंच, म्हणून इन्सुलिनसाठी रोजचं चालणं लई कामाचं. पण मेंदू म्हणजे "मनाचे खेळ" नव्हं. पोरीला "टेन्शन घेतीस म्हणून पाळी चुकायली" असं कुणी बोलायलं तर त्याला गप करा आणि तिला स्त्रीरोगवाल्या डॉक्टरकडं न्या.