पोटात यीस्ट असतं म्हणतात, मग त्याचा त्रास का होत नाही?

असतंच, पण बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. पावातलं यीस्ट भाजतानाच मरतं. आतड्यात मुक्काम ठोकतं ते मुख्यतः कॅन्डिडा अल्बिकन्स. ३७ अंशांची ऊब आणि नावापुरता ऑक्सिजन त्याला चालतो, पण भोवती बॅक्टेरिया इतके, की हातपाय पसरायला जागाच नाही. खरी भानगड त्याच्या रूपात आहे. गोल पेशी निरुपद्रवी; तिला लांब तंतू फुटले की ते आतड्याच्या अस्तरात घुसू शकतात. आपली आयजीए प्रतिपिंडं (शरीर आतड्यात सोडतं ती जंतूंना पकडणारी प्रथिनं) मुख्यतः त्या तंतूंवरच रोख धरतात, गोल पेशींना फारसं छेडत नाहीत. अँटिबायोटिकने बॅक्टेरिया मरतात, यीस्टला मात्र त्याचं काहीच नाही, म्हणून ते फोफावतं. (डॉक्टर कधीकधी सोबत सॅकरोमायसीस बुलार्डीची पुडी देतात, तेही यीस्टच! पण ते टिकत नाही. पुडी थांबली की काही दिवसांत बाहेर.)