हात पडला ती वेळ

चि. फौजदार,

बेदाण्याचे पैसे बुडवून पळालेला व्यापारी विजापुरात सापडलाय. वरून निरोप आहे, रात्रीतून उचलून आण. सोबतचा हवालदार म्हणतो, अटक सांगलीत आल्यावर दाखवू. आणि तू मला विचारतोस, कलम 45 असताना हद्दीचा बाऊ कशाला?

हद्दीचा बाऊ करूच नकोस. वॉरंटशिवाय अटक करता येते अशा माणसाचा पाठलाग भारतात कुठेही करायची मुभा नागरिक सुरक्षा संहितेचं ते कलम देतं. घड्याळ मागेपुढे करायची मुभा मात्र कुठलंच कलम देत नाही. माणसावर हात पडला ती वेळ, तीच अटकेची वेळ. लॉजच्या दारात पहाटे 4 ला धरलास तर कागदावर पहाटे 4 च. ‘चौकशीकामी आणले’ असलं काही लिहू नकोस. फास्टॅगची नोंद, लॉजचा कॅमेरा, तुझ्याच मोबाईलचं टॉवर लोकेशन, सगळं आरोपीचा वकील मागवू शकतो. मग मधल्या दहा तासांचा हिशेब पिंजऱ्यात उभा राहून तुलाच द्यावा लागतो, निरोप धाडणाऱ्याला नाही.

पण त्याआधी, अटक हवीच कशाला? फसवणुकीच्या 318(4) कलमाला (न्याय संहिता) शिक्षा सात वर्षांपर्यंतची. म्हणजे सुरक्षा संहितेच्या 35(3) ची, हजर राहण्याची नोटीस आधी. अटक करायचीच तर ती का लागते हे लेखी हवं. ‘तपासकामी आवश्यक’ हे कारण नव्हे, रबरी शिक्का आहे.

जायचं ठरलं तर वरिष्ठांची परवानगी घे. फोनवर मिळाली तरी डायरीला लाव. रवानगीच्या नोंदीत माणसं, गाडी नंबर, ठिकाण, कारण, वेळ. फिर्यादीच्या गाडीतून आणि त्याच्या डिझेलवर जायचं नाही. या एकाच गोष्टीने चांगला तपास वसुलीसारखा दिसायला लागतो. ओळख पटवण्यापुरता फिर्यादी बरोबर लागलाच, तर त्याचं नावही नोंदीत. गणवेश, नावाची पट्टी, ओळखपत्र. एफआयआरची कन्नड प्रत. तिथे पोचल्यावर आधी स्थानिक ठाणं, तिथल्या डायरीत नोंद, मग लॉज. दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 साली परराज्यातल्या अटकेसाठी जवळपास हीच यादी घालून दिली. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही असं कुणी सांगेल. सांगू दे.

धरल्यावर अटक मेमो जागेवरच. त्यावर घरच्या किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही, आणि आरोपीची. नातेवाइकाला कळवल्याची नोंद. अटकेची कारणं लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत. नोव्हेंबर 2025 पासून सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लावलंय. उशिरात उशीर म्हणजे रिमांडला उभं करण्याच्या दोन तास आधी कागद त्याच्या हातात हवा. मग मेडिकल.

24 तास मोजायचे ते हात पडल्यापासून. प्रवासाचा वेळ वगळला जातो, पण तो दंडाधिकाऱ्यापर्यंतच्या गरजेच्या प्रवासाचा. वाटेत ढाब्यावर बसून ‘विचारपूस’ केली ती त्यात मावत नाही. सीमेलगतच्या कागवाडला धरला तर मिरजेच्या कोर्टात वेळेत उभा करता येतो. बेंगळुरूला धरला तर तिथल्याच दंडाधिकाऱ्यापुढे नेऊन ट्रान्झिट रिमांड, म्हणजे इकडे आणण्यापुरता ताबा घे. विजापूर या दोन्हींच्या मधलं. सुट्टी, कोर्टाची वेळ, रस्ता बघून ठरव, आणि शंका आली की ट्रान्झिट घे. वॉरंट असेल तर रस्ता वेगळा, तिथे वॉरंट काढणारं कोर्ट किती लांब हे बघणारा 30 किलोमीटरचा नियम येतो. त्याच सुरक्षा संहितेची कलम 81 आणि 82 स्वतः वाच, ठाण्याच्या रायटरला (लेखनिकाला) विचारू नकोस.

मला कागदी घोडा म्हणायचे. म्हणोत. खंत वेगळीच आहे. ‘वेळ बदलणार नाही’ हे वरिष्ठाला तोंडावर सांगायला फार उशिरा शिकलो. तुझ्याकडे तेवढी वर्षं नाहीत, पहिल्याच चार्जशीटला हे सांगावं लागेल. सांगताना आवाज चढवू नकोस, फक्त पेन खाली ठेव.

कन्नड भाषांतर करून देणारा मिरजेत मिळेल, आजच गाठ. नोटीस मात्र त्याच्याही आधी.