आयपी फोनच्या कॉल रेकॉर्डिंगमध्ये एकाच बाजूचा आवाज का येतो?

बहुतेक वेळा रेकॉर्डरपर्यंत आवाजाचा एकच प्रवाह पोहोचत असतो, म्हणून. इंटरनेट टेलिफोनीत कॉल जोडणारे एसआयपी संदेश वेगळे आणि आवाज वाहणारी आरटीपी पॅकेट वेगळी. त्यातही जाणारा आणि येणारा आवाज हे दोन स्वतंत्र प्रवाह. जी.७११ कोडेक (आवाजाचं डिजिटल रूपांतर करण्याची पद्धत) असेल तर सहसा प्रत्येक दिशेला सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येकात २० मिलिसेकंदांचा आवाज. रेकॉर्डर हे दोन्ही प्रवाह पकडतो आणि वेळेनुसार जुळवून फाइल बनवतो. फोन जोडलेल्या स्विच पोर्टचं मिररिंग करताना (म्हणजे तिथल्या पॅकेटची प्रत रेकॉर्डरकडे पाठवताना) फक्त आत येणारी, म्हणजे फोनकडून स्विचमध्ये शिरणारी, दिशा निवडली, की समोरच्याचा आवाज गायब! दोन्ही दिशा निवडा आणि वायरशार्क या पॅकेट पाहण्याच्या प्रोग्राममध्ये तपासा: एका कॉलचे दोन आरटीपी प्रवाह दिसायलाच हवेत. कॉल जोडणाऱ्या सर्व्हरच्या पोर्टवर एसआयपी दिसतं पण आरटीपी अजिबात नाही, असं असेल तर फोन एकमेकांना थेट आवाज पाठवताहेत. अ‍ॅस्टेरिस्क या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये डायरेक्ट मीडिया ही सेटिंग बंद करा, म्हणजे आवाज सर्व्हरमधून जाईल.

मात्र एसआरटीपी, म्हणजे आरटीपीचं कूटबद्ध रूप, चालू असेल तर नुसत्या मिररिंगचा उपयोग नाही. पॅकेट मिळतात, पण ती उलगडायच्या किल्ल्या नसल्यामुळे ऐकू येते ती निव्वळ खरखर. तिथे नेटवर्कच्या सीमेवर कॉल हाताळणाऱ्या सेशन बॉर्डर कंट्रोलरकडून सिपरेक या रेकॉर्डिंगसाठीच्या प्रोटोकॉलद्वारे आवाजाची प्रत घ्यावी.