ड्युटी सुटायच्या आत

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी तू बेळगावच्या स्टँडवरून फोन केलास. मागं कंडक्टर "निपाणी, निपाणी" ओरडत होता आणि तू रडत होतीस, त्यामुळं निम्मं कळलंच नाही. कळलं तेवढं पुरे होतं. नाईट ड्युटी, २१ पेशंट, तू एकटी आणि हाताखाली एक मावशी. खानापूरकडच्या एका आजीनं घरून आणलेलं इन्सुलिन, पेनात घालायची ती काचेची नळी. पेन मात्र घरीच राहिलेलं. तू नळीत सुई घालून १६ युनिट ओढलंस आणि दिलंस. पहाटे तीनला आजी घामानं थबथबलेली, हाकेला ओ देईना, साखर ४४ वर उतरलेली. २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, गेलं आणि थोड्या वेळानं आजीनं चहा मागितला. मग तुझ्या ध्यानात आलं. नळीत १ मिलीला १०० युनिट, आणि हातातली सिरिंज लाल टोपणाची, ४० ची, म्हणजे १ मिलीला ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी आखलेली. १६ च्या खुणेपर्यंत ०.४ मिली भरतं, म्हणजे ४० युनिट. अडीचपट.

सिनियर म्हणाली, "आजी बरी हाय न्हवं? मग कशाला लिहितीस? गप बस की." मी विचारलं, चुकांच्या फॉर्मवर तू लिहिलंस का? तू म्हणालीस, "उद्या बघतो, सिस्टर."

तिथं मी फोन ठेवला. रेंज गेली असं समजू नकोस. मला राग आला होता.

चूक झाल्याचा राग नाही गं. अर्धी माहिती घरी आणि अर्धी पिशवीत घेऊन आलेला पेशंट, २१ खाटा आणि एक मुलगी, तिथं चूक होणारच. राग त्या "उद्या"चा आला. ड्युटी सुटायच्या आत लिहायचं असतं. उद्यापर्यंत रिकामी नळी कचऱ्यात गेलेली असते, ओव्हर घेणारी, म्हणजे पुढच्या ड्युटीची सिस्टर, सुट्टीवर असते आणि तुझ्या मनात गोष्टीची घडी बसलेली असते: लाइट अंधूक होता, आजीची सूनच घाई करत होती. माणूस झोपेत स्वतःचं वकीलपत्र घेतो. सकाळी उठून जे लिहितो तो खुलासा असतो. घडलेलं लिहायचं तर त्याच ड्युटीत.

हे मी कुठं शिकले ते तुला कधी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही.

१९९६ ची गोष्ट. दवाखान्याचं नाव नको. दुपारची ड्युटी होती, अँपिसिलिनची वायल पातळ करायला ट्रेमधली डिस्टिल्ड वॉटरची अँप्यूल उचलली, मान मोडली, ५ मिली ओढलं, वायलमध्ये सोडलं, हलवलं. फुटकी काच टाकताना लेबल दिसलं. पोटॅशियम क्लोराइड. दोन्ही १० मिलीच्या, दोन्ही पाण्यासारख्या, दोन्हींवरची छपाई निळी, आणि दोन्ही एकाच किडनी ट्रेमध्ये. शिरेतून सरळ ढकललं असतं तर पेशंट माझ्या डोळ्यांसमोर गेला असता. मी वायल मोरीत ओतली, नवी घेतली, नीट इंजेक्शन दिलं. हात तासभर थरथरत होते. कुणाला बोलले नाही. रात्री घरी जाऊन अंबाबाईपुढं दिवा लावला आणि सुटले म्हटलं.

३ आठवड्यांनी त्याच ट्रेमधून गोकाककडची एक नवी मुलगी अँप्यूल उचलून गेली. साखर कारखान्यावर कामाला असणारा तरुण होता, तापासाठी दाखल झालेला. केस पेपरवर लिहिलं गेलं, हृदयविकाराचा झटका. त्या मुलीला घरी पाठवलं. आणि खरं कारण कागदावर आलंच नाही म्हणून, नीट वाच, आणखी २ दिवस त्या अँप्यूल त्याच ट्रेमध्ये होत्या. तिसऱ्या दिवशी मीच त्या काढून वेगळ्या डब्यात ठेवल्या, वर ल्यूकोप्लास्ट चिकटवून लाल शाईनं लिहिलं. कुणी विचारलं नाही का म्हणून.

आता तू म्हणशील, सिस्टर, तुम्ही तरी कुठं लिहिलंत? तेव्हा फॉर्म नव्हता. रजिस्टर होतं ते फुटलेल्या थर्मामीटरचं, आणि त्याचे पैसे पगारातून कापायचे. दोन पोरं पदरात, नोकरी कायम झालेली नाही, मेट्रनपुढं उभं राहायचीसुद्धा भीती. मी लिहिलं असतं तर ट्रे बदललाच असता असंही नाही. हे सगळं मी २५ हून जास्त वर्षं स्वतःला सांगत आलेय आणि ते खोटंही नाही. पण साध्या वहीचं पान फाडून इन्चार्जच्या टेबलावर ठेवायला कोणता फॉर्म लागतो?

चुका मोजायची एक अमेरिकन पट्टी आहे, ए पासून आय पर्यंत ९ अक्षरांची. ए म्हणजे चूक झालेली नाही, पण व्हायला जागा आहे. बी म्हणजे झाली, पेशंटपर्यंत पोचली नाही. आय म्हणजे माणूस गेला. माझी बी, तिची आय. ट्रे तोच. म्हणून "पेशंटला काही झालं नाही ना" हे वाक्य माझ्यापुढं बोलू नकोस. काही झालेलं नसतं तेव्हाच लिहायचा उपयोग असतो, आणि तुझ्या आजीला तर झालंच आहे.

सरकारी-खाजगी सगळीकडं आता १७ सप्टेंबरला रुग्णसुरक्षा दिन करतात. २०१७ ला जागतिक आरोग्य संघटनेनं औषधांमुळं होणारी टाळता येण्यासारखी गंभीर इजा ५ वर्षांत निम्म्यावर आणायचं जाहीर केलं, २०२२ ला तर त्या दिवसाचा विषयच औषधांची सुरक्षा होता. पोस्टर लागतात, रांगोळ्या निघतात, मुली पाच 'योग्य' रामरक्षेसारखे म्हणून दाखवतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. आणि चुकांचं रजिस्टर कोरं असलं की साहेब खूश. ३० खाटांच्या वॉर्डात वर्षभरात एकही नोंद नाही? कोरं रजिस्टर बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो.

बरं, काय लिहायचं. "माझ्या निष्काळजीपणामुळे" असं सुरू केलंस तर फाडून टाकीन. माफीनामा नको. किती वाजता, कोणतं इन्सुलिन, नळीवर काय छापलेलं, सिरिंजच्या टोपणाचा रंग, किती ओढलं, प्रत्यक्षात किती गेलं, साखर किती वाजता किती, कुणाला कळवलं. वॉर्डात पेन होतं का? लाल टोपणाच्या आणि नारंगी टोपणाच्या, म्हणजे १०० च्या, सिरिंज एकाच खणात असतात का? हे विचारायला लाजू नकोस, खरी गोम तिथंच आहे. केस पेपरवर औषध, मात्रा, साखर आणि उपचार खरेखुरे येऊ देत. खण, सिरिंज, माणसं किती होती, हे सगळं त्या वेगळ्या फॉर्मवर.

आणि आपल्या भागाचं एक कलम त्यात घाल, ते बाहेरून आलेल्यांना सुचत नाही. आजी मराठी बोलते, डॉक्टर कन्नड, तुझ्याबरोबरची सिस्टर केरळची, बाटलीवर इंग्रजी. मागं एका म्हाताऱ्याच्या मुलानं चिठ्ठीवर मराठी आकड्यांत लिहून दिलेलं, "सकाळी ७, रात्री ५". आमच्या केरळच्या पोरीनं ते 6 आणि 4 असं वाचलं. तिची काय चूक? आपला १ तर परक्याला सरळ 9 दिसतो. तेव्हापासून मी आकडा अक्षरी लिहून घ्यायचे आणि पेशंटच्या भाषेत वाचून दाखवायचे. मराठी असो, कन्नड असो, "किती?", "एष्टु?" म्हणून विचारलं की माणूस बोटं दाखवतो. बोटांना भाषा नसते.

पोलिसाची भीती वाटते म्हणालीस. ती मी उडवून लावणार नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये एका नर्सला चुकीच्या औषधाबद्दल कोर्टानं दोषी ठरवलं, आणि तिनं तर चूक लगेच सांगितली होती. आपल्याकडं २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावायचा तर साधी चूक पुरत नाही, घोर हलगर्जी लागते. नर्सला त्यातलं किती लागू होतं ते वकिलाला विचार, मला नको. मला एवढंच माहीत आहे की लपवलेली गोष्ट हलगर्जीसारखी दिसायला लागते. मेमो मिळेल कदाचित. मलाही दोन मिळालेत, ट्रंकेत आहेत.

आजीच्या सुनेला सांगितलंस का? सांग. डॉक्टरांना बरोबर घे, पण मराठीतून तूच बोल. "पेनातलं औषध कडक असतंय, या सुईत मोजायचं नसतंय" एवढं तरी त्या घराला कळू दे. पेन परत घरी राहिलं तर ती सून तेच करणार आहे जे तू केलंस.

ती ड्युटी गेली. पुढची कधी आहे? त्या ड्युटीच्या सुरुवातीला लिही, दिवस गेल्याचंही त्यातच लिही. आणि सिनियरवर डाफरू नकोस, तिच्याही ट्रंकेत काहीतरी असेल.

रविवारी घरी ये, आंबोळ्या करते. येताना तुमच्याकडच्या त्या फॉर्मच्या कोऱ्या प्रती आण. दोन आण.

तुझी,
सिस्टर