वाचकांचे प्रश्न: ३० जीबीत ५० जीबीचं चित्र बसलं असतं का?

प्रश्न: २००७च्या नोव्हेंबरात वॉलमार्टच्या सेलमध्ये तोशिबाचा एचडी-ए२ हा एचडी डीव्हीडीचा प्लेअर मी ९८.८७ डॉलरला घेतला. मित्र सांगायचे, व्हीसी-१चा (चित्र दाबून कमी जागेत बसवायच्या एका पद्धतीचा) नवा एन्कोडर, म्हणजे दाबायचं साधन, येतोय, मग एचडी डीव्हीडीच्या ३० जीबीत तिच्या स्पर्धक ब्लू-रे डिस्कच्या ५० जीबीएवढं चित्र बसेल. पुढे तोशिबानेच एचडी डीव्हीडीचा गाशा गुंडाळला. त्या अफवेत काही तथ्य होतं, की नुसतीच हवा?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: तथ्य होतं, पण तुमच्या मित्रांना हवं होतं तेवढं नव्हे.

प्लेअरमध्ये डिकोडर असतो आणि चित्र उलगडायचे त्याचे नियम ठरलेले असतात. चित्र दाबायचं कसं, हे मात्र एन्कोडर बनवणाऱ्याच्या हातात. त्यामुळे तुमचा प्लेअर तोच राहिला तरी नंतर निघालेली डिस्क सरस दिसू शकते.

मी अंधेरीत डीव्हीडी ऑथरिंग, म्हणजे सिनेमा डिस्कवर बसवायचं काम, करायचो. निर्माते अख्खा सिनेमा, गाण्यांचा मेनू, वर येणाऱ्या सिनेमांचे ट्रेलर, सगळं एकाच डिस्कवर कोंबायला सांगायचे. मग मी आधी धुराचा, पावसाचा आणि अंधाऱ्या जिन्याचा सीन काढून बघायचो. गडबड तिथेच उघडी पडते. भिंतीवरची सावली हळूहळू गडद व्हायच्या ऐवजी पट्ट्यापट्ट्यांनी होते, धुरात चौकोन दिसतात. त्या तुकड्याला जास्त बिट, म्हणजे डिस्कवरची जास्त जागा, द्यायचे आणि दोघं नुसती बोलत बसलीत, त्या सीनमधून काढून घ्यायचे. सुधारणा म्हणतात त्यात ही हमाली बरीच असते.

दोन तासांचा सिनेमा सेकंदाला सरासरी २० मेगाबिटने दाबला तर १८ जीबी होतो, ३० जीबीत आरामात मावतो. उलट २००६मधल्या बऱ्याच ब्लू-रे डिस्क एकाच थराच्या, २५ जीबीच्या, आणि त्यावर चित्र दाबायचा जुना प्रकार, एमपेग-२. २४ मेगाबिट धरले तर चित्रालाच २१.६ जीबी, वर न दाबलेल्या सहा चॅनेलच्या आवाजाला चारहून जास्त. झाली की जागा फुल! म्हणून तेव्हा एचडी डीव्हीडी उजवी दिसली आणि अफवेला खतपाणी मिळालं.

पण मेख अशी, की एमपेग-२, व्हीसी-१ आणि एच.२६४ हे चित्र दाबायचे तिन्ही प्रकार दोन्हीकडच्या प्लेअरना वाचता येणं सक्तीचं होतं. एन्कोडर सुधारला की ब्लू-रेचाही फायदा. शिवाय तिथे चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटची मुभा, एचडी डीव्हीडीला २९.४. तोशिबाने तीन थरांची ५१ जीबीची डिस्क जाहीर केली (५१च का, हे काय सांगायला हवं?), पण ती सिनेमा घेऊन दुकानात आलीच नाही.

या दोन डिस्कांच्या लढाईचा निकाल लावला तो सिनेमांच्या स्टुडिओंनी. ४ जानेवारी २००८ला वॉर्नरने फक्त ब्लू-रे काढायचं जाहीर केलं, १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली.

प्लेअर मात्र भंगारात देऊ नका. साध्या डीव्हीडी तो चांगल्या दाखवतो आणि तुमच्याकडच्या एचडी डीव्हीडी ब्लू-रे प्लेअरवर चालणार नाहीत.